भाडं वाढवलं, तर आधी हातातला कागद बघा

"पुढच्या महिन्यापासून दोन हजार वाढवून द्या, नाहीतर दुसरी जागा बघा." शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या आणि सरकारी बदल्यांच्या दिवसांत हे वाक्य रत्नागिरीत मारुती मंदिरापासून कुवारबावपर्यंत कुठल्याही जिन्यात कानावर पडू शकतं. ज्याला ते ऐकावं लागतं तो मग भेटेल त्याला विचारत सुटतो, "मालकाला किती टक्के वाढवता येतात हो?" एक जण सांगतो चार टक्के, दुसरा दहा, तिसरा म्हणतो सगळी मालकाची मर्जी. हे तिघेही आपापल्या परीनं खरं बोलत असू शकतात. महाराष्ट्रात भाड्यानं राहणारे सगळे लोक कायद्याच्या नजरेत एकसारखे नाहीत. म्हणून "किती टक्के" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की मी या जागेत कोणत्या नात्यानं राहतोय?

दोन प्रकारचे रहिवासी

पहिला प्रकार खऱ्या अर्थानं भाडेकरूंचा. वडिलांनी किंवा आजोबांनी कधीतरी घेतलेली चाळीतली खोली, राम आळीसारख्या जुन्या बाजारातला गाळा, कौलारू घराचा मागचा भाग. भाडं शे-दोनशे किंवा पाचशे, कुठे पावती मिळते, कुठे नुसती वहीत नोंद. या माणसाला जागेच्या ताब्याचा हक्क असतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्याच्या पाठीशी उभा असतो. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

दुसरा प्रकार 'लिव्ह अँड लायसन्स'वाल्यांचा. एमआयडीसीतला कामगार, २०२३ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी, बदलीवर आलेली शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका, असे आज नव्यानं जागा घेणारे बहुतेक जण याच प्रकारात मोडतात. ते स्वतःला भाडेकरू म्हणतात, मालकही तसंच म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र त्यांना ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची परवानगी मिळालेली असते. मुदत संपली की परवानगी संपते. ते दरमहा देतात त्याला कायदा भाडं न म्हणता परवाना शुल्क म्हणतो.

मालकानं रक्कम वाढवली की या दोघांची उत्तरं पूर्णपणे वेगळी निघतात. असं का झालं हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

१९४० साली गोठलेलं भाडं

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली, मुंबई इलाख्यात भाड्यावर बंधनं घालणारा पहिला कायदा आला. युद्धामुळे घरं बांधली जात नव्हती, माणसं शहरांत येत होती आणि मालक मागतील ती रक्कम द्यावी लागत होती. दुसऱ्या महायुद्धात तीच वेळ पुन्हा आली. स्वातंत्र्याच्या सुमारास १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि त्यात १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं' मानलं गेलं. हा कायदा काही वर्षांपुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तो अर्धशतक टिकला.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. १९४० सालच्या भाड्यात मालक १९८० साली कौलंसुद्धा बदलू शकत नव्हता. त्यानं दुरुस्तीवरचा हात काढून घेतला, आणि भाडेकरूनं जागा न सोडण्याचा निश्चय केला. दोघांच्या मधोमध पागडी वाढली. भाडेकरू येऊच नये म्हणून मालक कागदावर लायसन्स लिहून घेऊ लागले. १९७३ साली विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता अशा रहिवाशांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्या एका तारखेची धास्ती घरमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. "दिलेली जागा परत मिळत नाही" ही समजूत तिथूनच पक्की झाली.

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की भाडं कायमचं गोठवणं आता अवाजवी झालं आहे. परिस्थिती बदलली तरी कायदा बदलत नसेल तर तो समतेच्या तत्त्वाला धरून राहत नाही. त्यानंतर १९९९चा नवा कायदा झाला. त्यानं जुन्या भाडेकरूचं छप्पर राखलं, मालकाला दरवर्षी थोडी वाढ दिली आणि लायसन्सवाल्यांसाठी वेगळं दार ठेवलं.

जुन्या भाडेकरूचं भाडं किती वाढतं?

कलम ११ प्रमाणे मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. समजा २००० साली खोलीचं भाडं २०० रुपये होतं. दरवर्षी आधीच्या भाड्यावर चार टक्के धरून चक्रवाढीनं हिशेब केला, तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे ५३३ रुपये होतं. तेव्हा अशा खोलीला "बाजारभाव सहा हजार आहे, म्हणून सहा हजार द्या" असं मालकाला म्हणता येत नाही. प्रमाण भाडं आणि कायद्यानं दिलेली वाढ यापलीकडे मागणी करणं बेकायदा आहे.

चार टक्क्यांशिवाय वाढीची आणखी काही कारणं कायदा मानतो. नगरपरिषदेनं घरपट्टी किंवा दुसरा कर वाढवला, तर तेवढा वाढीव बोजा मालक भाड्यात घालू शकतो. त्यावर एक रुपयाही जास्त नाही. आणि इमारतीत नवी सोय किंवा सुधारणा केली, तर त्यासाठी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती लागते, आणि त्यामुळे होणारी वार्षिक वाढ खर्चाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. "रंग काढला, आता पाचशे वाढवा" हे या हिशेबात बसत नाही.

मागितलेली वाढ यापेक्षा जास्त वाटली, तर न्यायालयाकडून प्रमाण भाडं ठरवून घेता येतं. मात्र अर्ज केला म्हणून भाडं थांबवता येत नाही. न्यायालय सांगेल ती रक्कम तिथे भरावी लागते, नाहीतर अर्जच फेटाळला जाऊ शकतो.

दुरुस्तीबद्दल कोकणात वेगळं बोलायला हवं, कारण इथे दर पावसाळा घराची परीक्षा घेतो. कौलं फुटलेली, वासे वाळवीनं खाल्लेले, चिऱ्याच्या भिंतीला ओल. घर राहण्याजोगं ठेवणं ही कलम १४ नुसार मालकाची जबाबदारी आहे. त्यानं दुर्लक्ष केलं, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन, वाजवी मुदत वाट पाहून भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा एवढीच, की एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. पाचशे रुपये भाड्याच्या खोलीत वर्षाला दीड हजारच वळते होतील हे खरं. त्यात शाकारणीचा गडीसुद्धा धड मिळत नाही. पण नोटीस दिलेली असली, की "भाडेकरूनंच घर मोडकळीला आणलं" असं पुढे कोणी म्हणू शकत नाही. ती एप्रिलमध्ये द्यावी, मिरगाची वाट बघू नये.

लायसन्सवाल्याचं काय?

इथे चार टक्के विसरा. या जागेत करार हाच कायदा. करारात ११ महिन्यांसाठी दरमहा ८,००० लिहिले असतील, तर सातव्या महिन्यात मालकाला ८,५०० मागता येत नाहीत, मग सोसायटीचा खर्च वाढो की शेजारच्या फ्लॅटला जास्त भाडं मिळो. बाराव्या महिन्यात मात्र मालक १२,००० मागू शकतो आणि ते पटले नाहीत तर तुम्हाला जागा सोडावी लागते. त्या वाढीला कायद्यात कमाल मर्यादा नाही. मुदत संपूनही जागा अडवून धरली, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तिथे दुप्पट शुल्काच्या दरानं भरपाई द्यावी लागते. शिवाय समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी घेतली नाही, तर तुमचं म्हणणं ऐकलंच जात नाही.

मग लायसन्सवाल्याच्या हातात काय उरतं? सही करण्याआधीचे पंधरा दिवस. वाढीबद्दलची सगळी घासाघीस तेव्हाच करायची असते. अकरा महिन्यांचाच करार हवा असा कुठेही नियम नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी जुन्या कायद्यानुसार सक्तीची होती; ती टाळायला अकरा महिन्यांची सवय पडली. आज महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो, त्यामुळे त्या सवयीला अर्थ उरलेला नाही. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. मुलाचं इंजिनिअरिंग चार वर्षांचं असेल, तर दोन-तीन वर्षांचा करार मागा आणि "दुसऱ्या वर्षी पाच टक्के, तिसऱ्या वर्षी पाच टक्के" असं आकड्यासकट लिहून घ्या. "परस्पर संमतीनं वाढ" असं मोघम वाक्य असेल, तर दरवर्षी तोच वाद नव्यानं उभा राहील.

खर्चाची भीती दाखवली जाते, तीही फारशी खरी नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का लागतं. आठ हजार भाडं, अकरा महिने, तीस हजार अनामत असेल, तर शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. सगळं काम घरबसल्या ऑनलाइन होतं.

कागदच नसेल तर

"आपली माणसं आहात, कागद कशाला?" हे ऐकायला गोड वाटतं. कायदा याबाबतीत मालकाला सवलत देत नाही. कलम ५५ सांगतं, की करार लेखी असावा, नोंदणीकृत असावा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती पार पाडली नाही, तर तो शिक्षेला पात्र ठरतो. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नोंदलेला करार नसताना वाद उभा राहिला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारणं म्हणजे नोंदणी नव्हे, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

पावतीचं तसंच. भाडं घेतलं की लेखी पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. पावती मिळत नसेल, तर रोख देणं थांबवा. बँकेतून किंवा यूपीआयनं पैसे पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा. मालक पैसे घेतच नसेल, तर मनीऑर्डर करा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर न्यायालयात मोलाची ठरते. अनेकदा मालक भाडं नाकारतो ते याच हिशेबानं, की चार महिन्यांनी भाडेकरूला थकबाकीदार ठरवता यावं.

नळ तोडला, कुलूप बदललं

भाडं वाढवून दिलं नाही म्हणून पाण्याचा कॉक बंद होतो, मीटरमधली तार निघते, जिन्यातला दिवा जातो. वाजवी कारण नसताना भाडेकरूचं पाणी, वीज, स्वच्छतेची सोय तोडायला कलम २९ मनाई करतं. न्यायालय ती सोय पुन्हा सुरू करायचा आदेश देऊ शकतं. अशा वेळी तारीख-वेळ लिहून ठेवा, फोटो काढा, महावितरणकडे किंवा नगरपरिषदेकडे लेखी तक्रार द्या आणि पोचप्रत घ्या.

कुलूप बदलून सामान बाहेर काढणं तर कुठल्याच मालकाच्या अधिकारात नाही. ताबा घ्यायचा तर तो न्यायालयाच्या किंवा प्राधिकाऱ्याच्या आदेशानंच. कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो.

भाडेकरू स्वतः कुठे चुकतो

वाढ बेकायदा आहे, म्हणून रागारागात भाडंच बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कायद्याचं कवच भाडं देणाऱ्याला किंवा द्यायला तयार असणाऱ्याला आहे. वाढीव रकमेबद्दल वाद असेल, तर मूळ भाडं आणि हिशेबानं बसणारी वाढ देत राहा आणि बाकीच्याबद्दल लेखी हरकत घ्या. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळं थकलेलं भाडं, त्यावर सालिना १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढे नियमित भरत राहिलं, तर त्या कारणावरून घर जात नाही.

दुसरी चूक कोकणात फार दिसते. खोलीला कुलूप लावून माणसं मुंबईला मुलाकडे जातात, गणपतीला आठ दिवस येतात. दाव्याआधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरली नसेल, तर तेवढ्यावर मालकाला ताबा मिळू शकतो. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हेही ताबा जाण्याचं कारण. आणि मालकाला स्वतःच्या कुटुंबासाठी खरोखर जागा हवी असेल, तर न्यायालय दोघांपैकी जास्त हाल कुणाचे होतील हे तोलून निर्णय देतं.

हा कायदा कुठे चालत नाही

सरकार आणि नगरपरिषदेच्या मालकीच्या जागांना १९९९चा कायदा लागू नाही. त्यामुळे नगरपरिषदेच्या गाळ्याचं भाडं वाढलं, तर व्यापाऱ्याला चार टक्क्यांचा आधार घेता येत नाही. तिथे गाळ्याचा करार आणि नगरपरिषदेचे नियम पाहावे लागतात. बँका, सार्वजनिक उपक्रम, एक कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवलाच्या कंपन्या यांनी भाड्यानं घेतलेल्या जागाही या संरक्षणाबाहेर आहेत. शिवाय हा कायदा परिशिष्टांत दिलेल्या आणि जुने भाडे कायदे आधीपासून लागू असलेल्या क्षेत्रांपुरता आहे. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव ही शहराला चिकटलेली वस्ती ग्रामपंचायतींची. तिथल्या भाडेकरूनं आपलं गाव या यादीत बसतं का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावं. कायदा लागू नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चालतो आणि त्यात महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांच्या नोटिशीवर जागा सोडायला सांगता येतं.

आणखी एक गोंधळ मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी घातला आहे. "आता दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येत नाही, वाढीआधी तीन महिन्यांची नोटीस लागते" या गोष्टी केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातल्या आहेत. तो राज्यांसाठीचा नमुना आहे. राज्यानं स्वतः कायदा केल्याशिवाय तो मालकापुढे ठेवून उपयोग नाही.

"कूळ लागेल"

रत्नागिरीत कुणी घर भाड्यानं द्यायला कचरतं, तेव्हा तोंडात हेच शब्द असतात. या भीतीला इतिहास आहे. हा खोतीचा मुलूख. खोत मागेल तो खंड आणि काढेल तेव्हा बाहेर, हे इथल्या कुळांनी पिढ्यानपिढ्या सोसलं. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं; प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. शेतजमिनीसाठी १९४८चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं. पण तो कायदा शेतीचा. राहत्या फ्लॅटला कूळ लागत नाही. नोंदलेल्या लायसन्स करारानं दिलेलं घर मुदत संपल्यावर मालकाला परत मिळतं, हे जितक्या मालकांना कळेल तितकी बंद घरं उघडतील आणि तितका भाड्यावरचा ताण कमी होईल.

दाद कुठे मागायची

जुन्या भाडेकरूचा वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातो आणि अपील जिल्हा न्यायालयात. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कामगार आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही.

आजची व्यवस्था दोन्ही बाजूंना तिरकी आहे. पाचशे रुपये भाडं भरणाऱ्याला ती इतकं राखते, की मालकाला घर दुरुस्त करणंही परवडत नाही. आठ हजार भरणाऱ्या परिचारिकेचं मात्र बाराव्या महिन्यात काहीच चालत नाही. हा तोल विधिमंडळानं साधायचा आहे, आणि नव्या कायद्यात वाढीची लेखी पूर्वसूचना तरी असायला हवी. तोवर नव्या जागेचा व्यवहार करताना अनामत किती, पार्किंग आहे का, पाणी किती वेळ येतं, एवढं विचारून थांबू नका. "दुसऱ्या वर्षी भाडं किती?" हेही विचारा आणि जे उत्तर मिळेल ते सहीच्या आधी करारात आकड्यानं लिहून घ्या.